मेनू आला, पण पुढे काहीच नाही: उबंटू बसवताना पेनड्राइव्हची फाइल सिस्टिम अडते तेव्हा

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय. नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. संगणकशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत २४ संगणक होते. सगळे २०११-१२ च्या सुमाराचे, ४ जीबी रॅमचे, विंडोज ७ वर चालणारे. १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चं सुरक्षा अद्ययावतीकरण थांबवलं. नवे संगणक घ्यायला पैसे नव्हते आणि या संगणकांवर विंडोज १० रखडत चाललं असतं. विभागप्रमुख मॅडमनी ठरवलं की लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली घालायची.

मी त्याच विभागाचा माजी विद्यार्थी. पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो. मॅडमचा फोन आला, "अरे, शुक्रवारी महाशिवरात्रीची सुट्टी आहे, त्याला जोडून शनिवार-रविवार. तीन दिवसांत होईल का? सोमवारपासून तिसऱ्या वर्षाचा प्रात्यक्षिकाचा सराव आहे." मी होईल म्हणालो.

गावातलं इंटरनेट अगदीच बेताचं, त्यामुळे सगळं पेनड्राइव्हवर घेऊन जायचं होतं. उबंटू या लिनक्सच्या १८.०४.३ आवृत्तीचं आयएसओ (बसवायचं सगळं एकत्र बांधलेली एक फाइल) मी जानेवारीतच उतरवून ठेवलं होतं, सुमारे २ जीबीचं. त्याशिवाय डेटाबेसच्या प्रात्यक्षिकासाठी तयार केलेली व्हर्च्युअल मशीनची (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाची) एक डिस्क फाइल न्यायची होती, साडेपाच जीबीची. मुलांच्या जुन्या प्रकल्पांचे गठ्ठे होते, ते वेगळेच. लॅब सांभाळणारे काका हाच पेनड्राइव्ह पुढे कार्यालयातल्या विंडोज ७ वर वापरणार होते. म्हणून मी ६४ जीबीचा एकच पेनड्राइव्ह घेतला आणि त्यावर सगळं बसवायचं ठरवलं. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि पुढचं बरंचसं त्यातूनच निघालं.

पेनड्राइव्हची मांडणी कशी होती तेही सांगतो. पहिलं पार्टिशन (पेनड्राइव्हचा एक स्वतंत्र भाग) मोठं, एक्सफॅट या फाइल सिस्टिमचं, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याच्या एका पद्धतीचं. त्यात आयएसओ आणि बाकीचा डेटा. दुसरं पार्टिशन २०० एमबीचं, फॅट३२ या जुन्या पद्धतीचं. त्यात ग्रब हा बूटलोडर, म्हणजे संगणक चालू होताना प्रणाली निवडून सुरू करणारा कार्यक्रम. एक्सफॅट निवडायला दोन कारणं होती. फॅट३२ मध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवला जातो, म्हणून ४ जीबीला एक बाइट कमी, त्याहून मोठी फाइल त्यात मावतच नाही. साडेपाच जीबीची डिस्क फाइल तिथे जाणार नव्हती. दुसरं कारण असं की विंडोजची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीपेक्षा मोठ्या पार्टिशनला फॅट३२ चा पर्यायच दाखवत नव्हती. उद्या काकांनी स्वतः पेनड्राइव्ह फॉरमॅट केला असता तरी समोर एनटीएफएस आणि एक्सफॅट हे दोनच पर्याय आले असते. मोठं पार्टिशन पहिलं ठेवलं, कारण काढता येण्याजोग्या ड्राइव्हवर विंडोज ७ ला फक्त पहिलंच पार्टिशन दिसतं.

ग्रबला एक्सफॅट वाचता येतं. आयएसओ न उलगडता, आतली फाइल थेट उघडून त्यातला कर्नेल (प्रणालीचा गाभा) चालू करण्याची सोयही त्यात आहे. गुरुवारी रात्री पुण्यात माझ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह लावून पाहिला. मेनू आला, 'उबंटू बसवा' ही ओळ दिसली. तेवढं पाहून मी लॅपटॉप बंद केला आणि रात्रीची गाडी धरली.

अडचण

शुक्रवारी सकाळी साडेनऊला पहिला संगणक. मेनू आला, मी एंटर दाबलं, उबंटूचे ठिपके पळायला लागले. दोन-तीन मिनिटं ते पळतच राहिले. मग पडदा काळा झाला आणि वर ओळ आली: 'अनेबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टिम'. खाली बिझीबॉक्स या छोट्या आज्ञासंचाचा प्रॉम्प्ट (आज्ञा लिहायची जागा) लुकलुकत होता. प्रणाली म्हणत होती की जिच्यावरून मी चालू व्हायचं ती वस्तूच मला सापडत नाही. आणि तिचा कर्नेल तर दोन मिनिटांपूर्वी त्याच पेनड्राइव्हवरून आत आला होता.

दुसरा संगणक, तिसरा, पाचवा. सगळीकडे अक्षर न् अक्षर तीच ओळ.

पहिले सहा तास

त्या सकाळी मी ज्या क्रमाने गोष्टी तपासल्या तो क्रम चुकीचा होता.

हा संदेश आला की बहुतेक जण जे उपाय सुचवतात तेच मी करत गेलो. पेनड्राइव्ह पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला लावला. आयएसओची शा-२५६ बेरीज (फाइल बिघडली नाही ना, हे ताडायचा आकडा) पुन्हा काढली, ती बरोबर होती. कर्नेलच्या ओळीत 'टोरॅम' घातलं, म्हणजे सगळं आधी रॅममध्ये ओढून घे. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता. जे माध्यम सापडतच नाही ते रॅममध्ये ओढणार कुठून?

मग मी एका संगणकाच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन साटाची, म्हणजे हार्डडिस्कशी बोलण्याच्या पद्धतीची, सेटिंग आयडीईवरून एएचसीआयवर नेली. हा उपायही या संदेशासोबत नेहमी सांगितला जातो. उबंटूची ओळ बदलली नाही, पण त्या संगणकावरचं विंडोज ७ निळ्या पडद्यावर आपटलं, ०x७बी हा कोड देऊन. विंडोज ७ ज्या पद्धतीने बसवलेलं असतं तिचाच डिस्क ड्रायव्हर बूटच्या वेळी तयार ठेवतं. खालून सेटिंग बदलली की त्याला स्वतःची डिस्क सापडत नाही. सेटिंग परत फिरवल्यावर ते उठलं, पण तोवर काकांचा चेहरा उतरला होता. विद्यापीठाचे अर्ज भरायचं सॉफ्टवेअर त्याच संगणकावर होतं.

दुपारी साडेतीनला मी हात थांबवला. यंत्राने प्रॉम्प्ट समोर ठेवला होता आणि सहा तासांत मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

नेमकं कुठे अडलं

बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट म्हणजे सगळं कोसळल्याची खूण, असं वाटून बहुतेक जण तिथूनच संगणक बंद करतात. खरं तर तोपर्यंत कर्नेल व्यवस्थित चालू झालेला असतो आणि हातात छोटी पण पुरेशी हत्यारं असतात. मी चार गोष्टी पाहिल्या.

पहिली, उपकरणांची यादी. डेव्ह या डिरेक्टरीत एसडीबी१ आणि एसडीबी२ ही पेनड्राइव्हची दोन्ही पार्टिशनं होती. म्हणजे यूएसबी पोर्ट ठीक, ड्रायव्हर ठीक, पेनड्राइव्ह कर्नेलला दिसतोय. सकाळपासूनच्या निम्म्या शंका इथेच संपल्या.

दुसरी, ब्लॉक-आयडी ही आज्ञा. तिने सांगितलं, एसडीबी१ एक्सफॅट, एसडीबी२ व्हीफॅट (फॅट३२ चं लिनक्समधलं नाव). पार्टिशन कशाचं आहे हेही कळत होतं.

तिसरी, माउंट करून, म्हणजे पार्टिशन वापरासाठी उघडून पाहणं. एसडीबी१ एक्सफॅट म्हणून माउंट करायला सांगितल्यावर उत्तर आलं, 'नो सच डिव्हाइस'. या उत्तराने मी पुन्हा पाच मिनिटं चकलो. उपकरण तर समोर यादीत दिसतंय! इथे घोळ शब्दांचा आहे. कर्नेल ओळखत नाही अशा फाइल सिस्टिमचं नाव दिलं तरी तो हाच त्रुटी-कोड परत देतो आणि छोटी माउंट आज्ञा त्याचं जसंच्या तसं वाक्य करून छापते. पूर्ण बसवलेल्या लिनक्सवरची माउंट आज्ञा अशा वेळी 'अननोन फाइल सिस्टिम टाइप' असं स्वच्छ सांगते. बिझीबॉक्सवरची नाही. खात्रीसाठी एसडीबी२ व्हीफॅट म्हणून माउंट केलं, ते पटकन झालं. त्याच पेनड्राइव्हचं एक दार उघडत होतं आणि दुसरं नव्हतं.

चौथी, प्रॉक डिरेक्टरीतली 'फाइलसिस्टिम्स' ही फाइल. चालू कर्नेलला त्या क्षणी कोणकोणत्या फाइल सिस्टिम येतात त्यांची ही यादी. एक्सफॅट त्यात नव्हतं. मॉड्यूल (गरज पडली की कर्नेलला जोडायचा तुकडा) म्हणून बाजूला ठेवलेलं असेल म्हणून मॉडप्रोब या आज्ञेने मागवून पाहिलं, तर मॉड्यूलच नाही. यूनेम या आज्ञेने कर्नेल दाखवला ५.० मालिकेतला. मग सगळं जुळलं.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलं. मोठ्या क्षमतेच्या एसडी कार्डांचं तेच मानक ठरलं, पण पेटंटमुळे लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये ते वर्षानुवर्षं आलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचं तांत्रिक वर्णन खुलं केलं आणि लिनक्समध्ये घ्यायला हरकत नसल्याचं सांगितलं. नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ कर्नेलमध्ये त्याचा पहिला, कच्चा ड्रायव्हर आला. म्हणजे मी त्या लॅबमध्ये बसलो होतो तेव्हा जगात एक्सफॅट वाचणारा लिनक्स कर्नेल होता, तीन महिन्यांचा. माझ्या आयएसओतला कर्नेल त्याच्या आधीचा होता. नऊच दिवसांपूर्वी आलेलं उबंटू १८.०४.४ आणलं असतं तरी त्यात ५.३ होता, तोही एक पाऊल मागेच.

माझ्या लॅपटॉपवर ही अडचण मला कधी दिसली नव्हती, कारण तिथे एक्सफॅट वाचून देणारं एक्सफॅट-फ्यूज हे पॅकेज मी कधीतरी बसवलं होतं आणि विसरून गेलो होतो.

एकच पेनड्राइव्ह, चार वाचक

मेनू आला म्हणजे पेनड्राइव्ह वाचता येतोय, असं मी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात एक संगणक सुरू होऊन त्यावर लिनक्स बसेपर्यंत तोच पेनड्राइव्ह चार वेगवेगळे कार्यक्रम वाचतात आणि त्यातला प्रत्येक जण आपापली अक्षरओळख घेऊन येतो.

पहिला वाचक फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर. जुना बायोस फाइल सिस्टिम जाणतच नाही, तो सुरुवातीचा एक सेक्टर उचलतो आणि चालवतो. बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या नव्या संगणकांना फॅट यावंच लागतं, बाकी काही येईल याची खात्री नाही. दुसरा वाचक ग्रब. त्याच्याकडे स्वतःचे छोटे ड्रायव्हर असतात, एक्सफॅटचा, एनटीएफएसचा, एक्स्ट४ चा. त्याने एक्सफॅट उघडलं, आतलं आयएसओ उघडलं, त्यातला कर्नेल आणि इनिट-रॅम-एफएस (सुरुवातीपुरती छोटी प्रणाली) उचलून मेमरीत ठेवले. त्याचं काम तिथे संपलं आणि त्याचे ड्रायव्हरही त्याच्याबरोबर गेले. पुढच्याला त्याने फक्त मजकुराची एक ओळ दिली, 'आयएसओ अमुक डिरेक्टरीत तमुक नावाने आहे'. उघडलेली फाइल त्याने सोपवली नाही, फक्त पत्ता सोपवला.

तिसरा वाचक कर्नेल आणि त्याच्या सोबतचा इनिट-रॅम-एफएस. उबंटूमध्ये कॅस्पर नावाची स्क्रिप्ट एकेक पार्टिशन उघडून त्या पत्त्यावर आयएसओ आहे का पाहते. जे पार्टिशन उघडता येत नाही ते ती मुकाट्याने ओलांडते. शेवटी काहीच न सापडल्यावर ती एकच ओळ छापते. 'पार्टिशन सापडलं, पण त्याची फाइल सिस्टिम मला येत नाही' असं तिने सांगितलं असतं तर आमचे सहा तास वाचले असते. हे माझं गाऱ्हाणं आजही आहे.

चौथा वाचक म्हणजे डिस्कवर बसून झालेली नवी प्रणाली. त्याच्याकडे मी शनिवार संध्याकाळपर्यंत पाहिलंच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

शुक्रवारी पाच वाजता मॅडम, काका आणि मी बसलो.

सगळ्यात सरळ पर्याय, आयएसओ थेट संपूर्ण पेनड्राइव्हवर डीडी या आज्ञेने जसंच्या तसं उतरवणं. मग पेनड्राइव्हवर आयएसओचीच फाइल सिस्टिम येते, जी उबंटूचा कर्नेल हमखास वाचतो. पण त्यात पेनड्राइव्हवरचं बाकी सगळं जातं आणि तो काकांच्या रोजच्या वापराचा राहत नाही.

दुसरा, एक्सफॅटचं मॉड्यूल त्या नेमक्या कर्नेलसाठी बांधून इनिट-रॅम-एफएसमध्ये घालणं. मला हाच पर्याय सगळ्यात जास्त खुणावत होता, आणि म्हणूनच मी त्यापासून लांब राहिलो. कर्नेलची आवृत्ती किंचित बदलली की सगळं पुन्हा बांधायचं, आणि मी पुण्याला परतल्यावर ते तिथे कुणालाही दुरुस्त करता आलं नसतं.

तिसरा, मोठं पार्टिशन एनटीएफएस करणं. कर्नेलमध्ये एनटीएफएसचं जुनं, मुख्यतः वाचण्यापुरतं मॉड्यूल तेव्हा होतं. चाललं असतंही. पण दिवसभर गृहीतकांनीच मला नडलं होतं, आणखी एक नको होतं.

चौथा, संपूर्ण पेनड्राइव्ह फॅट३२ करणं. लिनक्सवरून ६४ जीबीचं फॅट३२ सहज करता येतं, ३२ जीबीची अट विंडोजच्या खिडकीची होती. आयएसओ मावलं असतं, साडेपाच जीबीची डिस्क फाइल मात्र तोडून ठेवावी लागली असती.

पाचवा, आयएसओपुरतं वेगळं फॅट३२ पार्टिशन करून बाकीचं एक्सफॅटच ठेवणं. यात अडचण एवढीच की एक्सफॅट पार्टिशन जागच्या जागी आकसवायचं साधन माझ्याकडे नव्हतं, जीपार्टेड हे पार्टिशनं पाडायचं साधनही ते करत नाही. म्हणजे डेटा उतरवून घ्यायचा, नव्याने पार्टिशनं पाडायची, डेटा परत भरायचा.

मॅडमनी विचारलं, "यातलं कोणतं असं आहे, जे तू नसताना काकांना जमेल?" त्या प्रश्नाने दुसरा पर्याय सुटला आणि पाचवा उरला. त्याच्या जोडीला पहिलाही, पण वेगळ्या, स्वस्त पेनड्राइव्हवर.

काय केलं

पेनड्राइव्हवरचा डेटा एका विंडोज ७ संगणकाच्या डी ड्राइव्हवर उतरवला. डिस्क फाइलची बेरीज दोन्हीकडे सर्टयूटिल या आज्ञेने काढून ताडून पाहिली, आणि ती जुळल्यावरच पेनड्राइव्ह पुसला. नवी मांडणी अशी: पहिलं पार्टिशन एक्सफॅट, सुमारे ५० जीबी. उरलेल्या जागेत दुसरं, फॅट३२. त्यात ग्रब आणि आयएसओ दोन्ही. विंडोज ७ ला दुसरं पार्टिशन दिसत नाही, म्हणून कुणाच्या हातून आयएसओ चुकून पुसलं जाण्याची भीतीही गेली. ग्रबच्या मेनूत पार्टिशन क्रमांकाऐवजी लेबलवरून शोधायला सांगितलं.

यावेळी चाचणी शेवटपर्यंत केली. मेनू, ठिपके, डेस्कटॉप, इन्स्टॉलर, पार्टिशनची पायरी, बसवून झाल्यावर पेनड्राइव्ह काढून पुन्हा चालू करणं, सगळं. एका ठिकाणी इन्स्टॉलरने विचारलं की एसडीबीवरचं पार्टिशन माउंट आहे, सोडवू का. ते सोडवता येत नाही, कारण चालू प्रणाली त्याच आयएसओवर उभी असते. 'नाही' म्हणून पुढे जायचं. काकांसाठी कागदावर ही ओळ लाल शाईने लिहिली.

शनिवारी सकाळी गावातल्या मोबाइलच्या दुकानातून ८ जीबीचे तीन साधे पेनड्राइव्ह आणले आणि त्यांवर आयएसओ डीडीने थेट उतरवलं. एका संगणकाला वीस-पंचवीस मिनिटं लागत होती, चार पेनड्राइव्ह फिरते ठेवले. खरं सांगायचं तर बहुतेक संगणक या तीन साध्या पेनड्राइव्हवरूनच झाले. त्यांतला एक दुपारी वाया गेला. काकांनी तो कार्यालयातल्या संगणकाला लावला, विंडोजने फॉरमॅट करायचं का असं विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं. चूक त्यांची नव्हती, तसा पेनड्राइव्ह विंडोजला परका दिसतो हे मी त्यांना सांगायला हवं होतं. त्यावर आयएसओ पुन्हा उतरवलं आणि तिन्हींवर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'फक्त बूट. विंडोजला लावू नका.'

चौथा वाचक

शनिवारी संध्याकाळी बारा-तेरा संगणक झाले होते. मॅडमनी तपासायला म्हणून स्वतःचा पेनड्राइव्ह एका नव्या उबंटूला लावला. तोही ६४ जीबीचा, दुकानातून आला तसाच एक्सफॅट. पडद्यावर आलं, 'अननोन फाइल सिस्टिम टाइप एक्सफॅट'.

मला सगळ्यात जास्त लागलं ते इथे. मी दिवसभर उबंटू बसण्याच्या मागे होतो. पण सोमवारी सकाळी मुलं फोनमधली कार्डं आणि घरचे पेनड्राइव्ह घेऊन येणार होती. त्यांतले जे मोठे, ते एक्सफॅट असण्याचीच शक्यता जास्त. मूल आपला प्रकल्प घेऊन येणार, तो उघडणार नाही, आणि त्याच्या मनात बसणार की लिनक्स म्हणजे काहीच न चालणारी गोष्ट. ज्या बदलासाठी मॅडमनी विभागात सगळ्यांची समजूत घातली होती, तो पहिल्या तासात पडला असता.

उपाय छोटा होता. एक्सफॅट-फ्यूज आणि एक्सफॅट-यूटिल्स ही दोन पॅकेजं, काही केबींची. ती एक्सफॅटला कर्नेलच्या बाहेरून, फ्यूजच्या मार्गाने चालवतात. थोडी सावकाश, पण पेनड्राइव्हसाठी पुरेशी. फोनच्या हॉटस्पॉटवरून दोन्ही एकदाच उतरवली, फॅट३२ पार्टिशनवर ठेवली आणि प्रत्येक संगणकावर डीपॅकेज या आज्ञेने बसवली. झालेल्या बारा-तेरा संगणकांवर पुन्हा फिरावं लागलं, त्यात दीड तास गेला.

निष्पत्ती

रविवारी दुपारी चारपर्यंत २१ संगणकांवर उबंटू बसलं आणि एक्सफॅटही वाचता येऊ लागलं. दोन संगणक मुद्दाम विंडोज ७ वर ठेवले, कार्यालयीन सॉफ्टवेअरसाठी, आणि त्यांची इंटरनेटची तार काढून टाकली. एकाची हार्डडिस्कच खराब निघाली. सोमवारी सराव वेळेवर सुरू झाला. पहिल्या दिवशी एका मुलीचा पेनड्राइव्ह उघडला नाही, पण तो तिच्या घरच्या विंडोजवरही उघडत नव्हता असं निघालं.

महिन्याभरात टाळेबंदी आली आणि लॅबला कुलूप लागलं. पुढे मी पुन्हा गेलो तेव्हा उबंटू २२.०४ घातलं. त्यातल्या ५.१५ कर्नेलमध्ये एक्सफॅटचा स्थिरावलेला ड्रायव्हर होता. सॅमसंगने दिलेला हा ड्रायव्हर मे २०२० च्या ५.७ मध्ये आला आणि आधीच्या कच्च्याची जागा त्याने घेतली. वेगळी पॅकेजं लागली नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणी मेनूपाशी थांबवायला नको होती. गुरुवारी रात्री आणखी तीन मिनिटं थांबलो असतो तर तोच काळा पडदा माझ्या टेबलावर दिसला असता, पुण्यात, चांगल्या इंटरनेटसह. आता मी बूटचा पेनड्राइव्ह डेस्कटॉप दिसून इन्स्टॉलरची पहिली पायरी उघडेपर्यंत तपासतो, आणि तोही स्वतःचा लॅपटॉप सोडून दुसऱ्या एखाद्या संगणकावर.

बायोसची सेटिंग बदलण्याआधी प्रॉम्प्टवर चार आज्ञा द्यायला हव्या होत्या. उपकरण दिसतं का, पार्टिशन कशाचं आहे, ते माउंट होतं का, कर्नेलला ती फाइल सिस्टिम येते का. याला दहा मिनिटंही लागत नाहीत आणि यातली एकही आज्ञा काही बिघडवत नाही. साटाची सेटिंग बिघडवू शकत होती, आणि तिने बिघडवलंच.

एकाच पेनड्राइव्हवर सगळं बसवायचा माझा हट्ट अनाठायी होता. आठ जीबीचा साधा पेनड्राइव्ह दोन-अडीचशे रुपयांना मिळत होता. बूटसाठी एक, डेटासाठी एक, एवढं केलं असतं तर हे प्रकरणच घडलं नसतं. आज अशा एकत्र वापरासाठी व्हेंटॉय हे साधन आहे. त्याचंही मोठं पार्टिशन मुळात एक्सफॅटच असतं, पण ते आयएसओ कुठल्या ब्लॉकांवर आहे ते हुडकून कर्नेलपुढे एक वेगळं आभासी उपकरण म्हणून उभं करतं, त्यामुळे तिसऱ्या वाचकाला एक्सफॅट यावंच लागत नाही. ते २०२० च्या एप्रिलमध्ये आलं, आमच्यानंतर दीड महिन्याने.

आणि चौथ्या वाचकाची यादी कामाच्या आधी करायला हवी होती. लॅबमध्ये कोण काय घेऊन येतं, किती मोठी कार्डं, कोणत्या फोनची, हे काकांना तोंडपाठ होतं. मी त्यांना ते शनिवारी रात्री विचारलं. २२.०४ च्या वेळी सर्वात आधी तेच विचारलं, आणि काकांनी कपाटातून बुटांचं एक खोकं काढलं. मुलं लॅबमध्ये विसरून गेलेले सतरा पेनड्राइव्ह आणि कार्डं त्यात होती. पहिला संगणक तयार झाल्यावर आम्ही ती एकेक करून लावली. सोळा उघडली. सतराव्याचा कनेक्टरच तुटलेला होता.